निकालाची नोंद: डीएफएमईएचा सातवा टप्पा

डिझाइनमधील संभाव्य बिघाड आधीच शोधून त्यांची जोखीम ठरवण्याच्या पद्धतीला कारखान्यांत डीएफएमईए म्हणतात. या विश्लेषणाचे मूळ अमेरिकी लष्कराच्या 1949 सालच्या कार्यपद्धतीत आहे. मोटार उद्योगात आज 2019 ची एआयएजी-व्हीडीए पुस्तिका वापरली जाते आणि तिने या कामाचे सात टप्पे आखून दिले आहेत. सातवा टप्पा निकालांच्या नोंदीचा. आधीच्या सहा टप्प्यांसाठी बैठकांवर बैठका होतात. सातवा मात्र ग्राहकाच्या ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी कोणा एकट्या इंजिनिअरच्या गळ्यात पडतो. चाकण-भोसरी पट्ट्यात काम केलेल्यांना हे सांगायला नको. विश्लेषण चोख आणि नोंद ढिसाळ असली, तर हाती काहीच उरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे अनुभवांती झालेले ठाम मत आहे.

नोंद मागे राहिली की काय होते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण चॅलेंजर अंतराळयानाचे आहे. यानाच्या घन-इंधन रॉकेटच्या सांध्यात दोन रबरी ओ-रिंगा होत्या. एक निकामी झाली तरी दुसरी वायू अडवील, या भरवशावर बिघाड-विश्लेषणात त्या सांध्याला ‘1आर’ हा वर्ग दिला होता. त्यातला ‘आर’ म्हणजे पर्यायी संरक्षण उपलब्ध. प्रज्वलनाच्या वेळी सांधा किंचित उघडतो आणि दुसऱ्या रिंगेवर विसंबता येत नाही, हे चाचण्यांतून लक्षात आल्यावर डिसेंबर 1982 मध्ये वर्ग बदलून नुसता ‘1’ झाला. म्हणजे ही एक गोष्ट बिघडली तर यान आणि माणसे दोन्ही जाणार. मार्च 1983 मध्ये पर्यायी संरक्षणाच्या अटीतून सूट देऊन उड्डाणे चालू ठेवण्यात आली. 28 जानेवारी 1986 रोजी तोच सांधा निकामी होऊन सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघाताची कारणे अनेक होती आणि सगळा दोष कागदावर टाकता येत नाही. पण अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने नोंदवलेली एक बाब प्रत्येक डिझाइन विभागाने वाचावी अशी आहे: वर्ग बदलल्यानंतरही कंत्राटदाराच्या कागदांत ‘1आर’ तसेच राहिले होते, आणि समस्यांचा पाठपुरावा करणाऱ्या यादीत तर अपघातानंतर पाच आठवडे उलटल्यावर, 7 मार्च 1986 रोजीही तो सांधा ‘1आर’ म्हणूनच नोंदलेला होता. निष्कर्ष बदलला होता, पण तो सगळीकडे पोचला नव्हता.

म्हणून निकालाची नोंद लिहिताना वाचक कोण, हे आधी ठरवावे लागते. हा वाचक बैठकीत हजर नसतो. चार वर्षांनी त्याच सुट्या भागाचे डिझाइन बदलणारा नवा इंजिनिअर, प्रोसेस एफएमईए (उत्पादन-प्रक्रियेचे असेच विश्लेषण) आणि कंट्रोल प्लॅन (उत्पादनातील नियंत्रणाचा आराखडा) बनवणारे उत्पादनातले लोक, पुरवठादार आणि ग्राहक या साऱ्यांना ती नोंद कोणालाही फोन न करता समजली पाहिजे.

दुचाकीच्या वायरिंगमधला जलरोधक कनेक्टर घेऊ. बहुतेक डीएफएमईए शीटमध्ये ओळ अशी सापडते: ‘सील निकामी, पाणी शिरणे, सील सुधारणे, जबाबदारी, डिझाइन विभाग, क्लोज.’ यातून काहीच हाती लागत नाही. तीच ओळ अशी लिहिता येते: खाचेची खोली जास्त असल्याने सील पुरेसे दाबले जात नाही, पाणी शिरून टर्मिनल गंजतात, चालत्या गाडीचे इंजिन बंद पडू शकते. उपाय म्हणून खाचेची खोली आणि तिची टॉलरन्स बदलून सील सर्वांत वाईट मापांतही किमान 15 टक्के दाबले जाईल असे केले. पुढे सुधारित ड्रॉइंगचा क्रमांक, पाण्याच्या फवाऱ्याच्या चाचणीचा अहवाल क्रमांक, जबाबदार व्यक्तीचे नाव आणि काम पूर्ण झाल्याची तारीख. विभागाला जबाबदार धरले की कोणीच जबाबदार राहत नाही.

गुणांकनाबाबतही हाच आग्रह हवा. तीव्रता, संभाव्यता आणि शोधक्षमता यांना 1 ते 10 गुण देऊन त्यांचा गुणाकार करण्याची जुनी रीत अनेक ठिकाणी चालू आहे. 9×2×3 आणि 3×6×3 या दोन्हींचे उत्तर 54 येते. पहिल्यात सरकारी नियमाचा भंग असू शकतो, दुसऱ्यात किरकोळ गैरसोय. नव्या पुस्तिकेने हा गुणाकार सोडून कृतीचा प्राधान्यक्रम उच्च, मध्यम, कमी असा ठरवला, तो याचसाठी. कोणतीही रीत वापरली तरी प्रत्येक अंकामागचा आधार शेजारी लिहावा: आधीच्या मॉडेलच्या वॉरंटी तक्रारी, चाचणीचे निष्कर्ष, गणित. उपायानंतरचे सुधारित गुण चाचणीचा अहवाल हाती आल्यावरच भरावेत. तीव्रतेचा अंक तर डिझाइनमुळे परिणामच सौम्य झाला तरच उतरतो; तपासणी कितीही वाढवली तरी उतरत नाही.

न केलेल्या उपायांची नोंद सर्वांत जास्त टाळली जाते आणि तिचीच पुढे सर्वांत जास्त गरज पडते. उपाय नाकारला असेल, तर तो का, कोणी आणि कोणत्या माहितीवर नाकारला, हे लिहिलेले असावे. तीव्रता 9 किंवा 10 असून प्राधान्य उच्च किंवा मध्यम असेल, तर निर्णय व्यवस्थापनाने पाहिल्याची नोंद हवी. ओळ गाळून टाकणे हा पर्याय नाही.

शीटबरोबर दोन-तीन पानांचा अहवाल जोडावा. विश्लेषणाची व्याप्ती, डिझाइनमधले नवे काय, उच्च जोखमीचे बिघाड, वापरलेले गुणांकनाचे तक्ते, झालेले आणि बाकी उपाय तारखांसह, आणि ठरवलेल्या उद्दिष्टाच्या तुलनेत आजची स्थिती एवढे त्यात पुरते. संपूर्ण शीटमध्ये कंपनीचे डिझाइन-ज्ञान उघडे असल्याने ग्राहकाला पुष्कळदा हा अहवालच दिला जातो आणि शीट समोर बसून दाखवली जाते.

ड्रॉइंग, माल किंवा वापराची परिस्थिती बदलली, अथवा बाजारातून बिघाडाची तक्रार आली, की नोंद पुन्हा उघडावी लागते. आवृत्तीचा क्रमांक वाढवून बदललेल्या ओळी दाखवाव्यात आणि प्रोसेस एफएमईए, कंट्रोल प्लॅन, चाचणी आराखडा व पुरवठादाराकडची प्रत या प्रत्येकात तो बदल गेला का, हे एका व्यक्तीने सहीनिशी तपासावे. जुन्या प्रती मागे घेतल्याची खातरजमाही त्याच व्यक्तीने करायची असते.