शाळेंतील पुस्तकांचें कपाट

मांडव्याच्या धक्क्यावर मुंबईच्या बोटीची वाट पाहत आम्ही पुष्कळदां उभे राहिलों आहों. उतारूंच्या हातांत खाऊ, कपडे, छत्र्या दिसतात. मुलासाठीं आणलेलें गोष्टींचें पुस्तक क्वचितच दिसतें. म्हणून पुष्कळ मुलांस धड्यांच्या पुस्तकाखेरीज दुसरें पुस्तक मिळण्याची जागा एकच, ती म्हणजे शाळेंतील कपाट. त्याविषयीं या पाठांत विचार करूं.

मांडव्याच्या दक्षिणेस किहीम गांव आहे. तेथें १९३० सालीं सलीम अली यांनीं सुगरण पक्ष्याचें बारकाईनें निरीक्षण केलें. नर घरटें अर्धें विणतो, मादी तें पसंत करून त्यांत संसार मांडते, आणि नर पुन्हां दुसरें घरटें विणावयास लागतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. त्यांची ही वाट कोठून सुरू झाली? बालपणीं त्यांनीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी मारली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हें विचारावयास ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले. तेथील सचिव मिलार्ड यांनीं त्यांस पेंढा भरलेले पक्षी दाखविले, आणि पक्ष्यांवरील पुस्तकें वाचावयास दिलीं. पोर पुस्तक हरवील, अशी शंका त्या गृहस्थांनीं धरली असती तर?

वल्हें हातीं घेतल्याशिवाय होडी हाकतां येत नाहीं. वाचनाचेंही तसेंच आहे. शाळेंतील धडा मूल ऐकून ऐकून पाठ म्हणतें, आणि त्यास वाचतां येतें असा आपणांस भास होतो. नवें पुस्तक उघडलें म्हणजे खरें काय तें कळतें. एकेक अक्षर लावण्यांतच सर्व शक्ति खर्च झाली, तर अर्थाकडे लक्ष राहत नाहीं. सोपीं पुस्तकें पुष्कळ वाचलीं म्हणजे शब्द पाहतांच ओळखूं येतो, आणि मन अर्थाकडे मोकळें होतें. शिवाय आपल्या कोळी व आगरी घरांतील बोली निराळी आणि पुस्तकाची भाषा निराळी. गोष्टीच्या ओघांत मूल तें अंतर नकळत ओलांडतें.

प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें, व त्यांत वर्तमानपत्रें, मासिकें आणि गोष्टींसह सर्व विषयांचीं पुस्तकें असावीं, असें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत सांगितलें आहे. परंतु कायद्यानें कपाट आलें तरी किल्ली फिरविणारा हात पाहिजे. एका शाळेंत आम्हीं पाहिलें कीं, पुस्तकें नवीं कोरीं आणि कपाटास कुलूप. गुरुजी म्हणाले, "पुस्तक फाटलें तर जडसंग्रह नोंदवहींत काय लिहूं?" त्यांची भीति खोटी नव्हती. तरी फाटलेल्या पुस्तकाचा हिशेब वहींत लिहितां येतो. न वाचलेल्या पुस्तकाचा हिशेब कोणत्याच वहींत नसतो, तें नुकसान मुलाच्या पदरीं पडतें. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनीं १९३१ सालीं पांच नियम मांडले. त्यांतील पहिलाच हा कीं, पुस्तकें उपयोगासाठीं आहेत.

तर मग आपण काय करावें?

१. आठवड्यांतून एक दिवस ठरवावा. त्या दिवशीं मुलांनीं आपल्या आवडीनें पुस्तक निवडावें, आणि देण्याघेण्याची वही वरच्या वर्गांतील दोन मुलांनीं ठेवावी.

२. पुस्तक घरीं जाऊं द्यावें. ज्या आजीस अक्षर येत नाहीं, तिला नातवंडानें तें वाचून दाखवावें. तिनें "पुढें काय झालें?" एवढेंच विचारावें, परीक्षा घेऊं नये.

३. पान फाटलें तर मुलास मारूं नये. खळ करून त्याच्याच हातून तें चिकटवून घ्यावें.

४. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात. त्यांनीं झीज व फाटतूट समितीच्या ठरावानें मान्य करावी, म्हणजे एकट्या गुरुजींवर भार राहणार नाहीं.

शेवटीं दोन प्रश्न प्रत्येकानें आपल्या गांवीं विचारून पाहावे. शाळेच्या कपाटाची किल्ली कोणापाशीं असते? आणि त्यांतलें पुस्तक आपल्या घरीं शेवटचें केव्हां आलें होतें?