रँडमचं बटण आणि माझं बोट

सांगायला लाज वाटते, पण सांगतोच, कारण माझ्यासारखे आणखी असणार. एका शनिवारी रात्री साडेनऊला मी कॉम्प्युटरवर रिमवर्ल्ड हा खेळ उघडला आणि पावणेएक वाजले तरी खेळ सुरूच झाला नव्हता. मी माणसं निवडत होतो. रँडमचं बटण दाबायचं, पुढचा माणूस बघायचा, पुन्हा दाबायचं. किती? तीन. बायको मधे पाणी प्यायला उठली, माझ्या मागे उभी राहून जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "माझ्या वेळी तुमच्या घरच्यांनी एवढी स्थळं नव्हती पाहिली." मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर बोट थांबलं असतं. थांबलं असतं तर बरं झालं असतं, पण ते पुढे येईलच.

क्रॅशलँडेडची सुरुवात, म्हणजे यान कोसळून तिघे परक्या ग्रहावर, गोष्ट सांगायला खेळातली कॅसँड्रा, आणि वर कमिटमेंट मोड. म्हणजे एकच सेव्ह, मागे फिरायची सोय नाही. हा मोड मी भाच्यामुळे घेतला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि जगातल्या सगळ्या गोष्टी त्याला आमच्याआधी कळलेल्या असतात. "मामा, हरलास की जुनी सेव्ह लोड करतोस, याला खेळणं म्हणतात होय?" म्हटलं बरं, दाखवतो तुला.

माझं मागणं फार नव्हतं. एक शेती आणि स्वयंपाक सांभाळणारा, एक बांधकाम आणि खाणकाम बघणारा, एक डॉक्टर, जमल्यास नेम बरा असलेला. कुणाची पाठ दुखरी नको, कुणाच्या नावापुढे "उचलठेव आणि झाडलोट जमणार नाही" असं लिहिलेलं नको. एवढंच. नंतर मी कागदावर मांडून पाहिलं. समजा अशा चार अटी आहेत आणि प्रत्येक अटीत पाचातला एक जण बसतो. मग चारही अटींत बसणारा 625 मधला एक. एका क्लिकला तीन सेकंद धरले तर एका माणसामागे सरासरी अर्धा तास. हे आकडे माझ्या मनचे आहेत, पण त्या रात्रीचा माझा वेळ त्या हिशेबाच्याही दुपटीने गेला.

आणि आलेली माणसं बघा. एकसष्ट वर्षांचा एक गृहस्थ, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि आवड कशाची, तर नेमबाजीची. एक बाई चित्रकलेत निष्णात, पण लढणार नाही, रांधणार नाही, केर काढणार नाही. अहो, यान कोसळलंय, अंगावरच्या कपड्यांनिशी परक्या ग्रहावर उतरलोय, आणि या म्हणतात केर काढणं आमच्या इतिहासात बसत नाही. हा "इतिहास" म्हणजे प्रत्येकाचं बालपण आणि मोठेपण यांवरचे दोन छोटे परिच्छेद. मुख्यतः त्यांवरूनच ठरतं की माणूस काय करील आणि काय मेला तरी करणार नाही. 2013 साली या खेळासाठी किकस्टार्टरवर पैसे उभे केले, तेव्हा ज्यांनी जास्त पैसे भरले त्यांतल्या काहींना आपलं नाव, आपली कहाणी खेळात घालता आली. हौसेने लिहिणाऱ्याची हौस झाली. त्या कहाणीपायी माझी तांदळाची पोती पावसात भिजली, त्याचं काय?

"नाचता येईना अंगण वाकडं" असं कुणी म्हणणार असेल तर म्हणू दे. कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं.

तर सव्वाबाराच्या सुमाराला माळी मिळाला होता, गवंडी मिळाला होता, डॉक्टर उरला होता. बोट आपोआप चाललं होतं. डोळे उजवीकडच्या आकड्यांवर, त्यातही वैद्यकीच्या एका ओळीवर. शून्य, दोन, चार, रेघ, एक, रेघ. (रेघ म्हणजे जमतच नाही.) आणि मग आला तो. वैद्यकी 12, पुढे दोन ज्वाला. (ज्वाला म्हणजे त्या कामाची ओढ.) नेमबाजी 9, एक ज्वाला. स्वभावात "टफ" लिहिलेलं मला दिसलं, शपथेवर सांगतो दिसलं. आणि ते दिसेपर्यंत बोट पुढचं क्लिक करून मोकळं झालं होतं.

तिथे "मागे" नावाचं बटण नाही. एकदा गेलेला माणूस गेला. मी उगीच दोन-तीनदा कंट्रोल आणि झेड दाबलं, जणू हिशेबाची शीटच उघडली आहे. पडद्यावर त्याच्या जागी एक दम्याचा रोगी उभा होता.

बसस्टॉपवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसावं आणि आपलीच एसटी धूळ उडवत निघून जावी, तसं झालं. फरक एवढाच, की एसटी उद्या त्याच वेळेला पुन्हा येते.

रागाच्या भरात आणखी वीस-पंचवीस क्लिक केले असतील. वैद्यकी 9, दोन ज्वाला, वय 28, पाठ ठणठणीत, अशी एक बाई आली आणि मी "घेतली" म्हणून सुरू केलं. स्वभावाचा रकाना वाचला नाही. वाचला नाही असंही नाही, नजर टाकली. पहिला शब्द "काइंड" होता, तो वाचून समाधान झालं. दुसरा शब्द होता "पायरोमॅनिअॅक".

खेळणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. तरी सांगतो, मन मोकळं होईल.

एप्रिमे, म्हणजे खेळातला पहिला महिना, बरा गेला. घर लाकडाचं, कोठार लाकडाचं, कारण दगड तासायला वेळ कुणाला होता. जुगस्टच्या सहाव्या दिवशी उजवीकडे लाल पाकीट आलं. डॉक्टरीणबाई आग लावत फिरत आहेत. बाईंचं मन बरं होतं हो! पोट भरलेलं, झोप झालेली, मनःस्थितीची पट्टी अर्ध्याच्या वर. मला वाटायचं, माणूस दुःखी झाला की बिघडतो. हा स्वभाव असलेली माणसं आनंदातही काडी ओढतात. दुःखात जास्त वेळा, एवढंच. आणि लागलेली आग विझवायला त्यांना सांगायची सोय नाही, ते त्यांना जमत नाही. स्वतः लावतात आणि बघत उभे राहतात. अशी माणसं ऑफिसातही पाहिली आहेत, पण ते असो.

गवंडी तेव्हा डोंगरात पोलाद खणत होता. माळी एकटा विझवायला धावला. आधी झोपायची खोली गेली, मग कोठाराची भिंत, मग आतली सगळी लाकडं नि तांदूळ. आग फार पसरली की हा खेळ बहुतेक वेळा पाऊस पाडतो. पाडला. तांदूळ जळून झाल्यावर. आणि पाऊस पडत असताना दिसलं, की डॉक्टरीणबाई स्वतःच भाजून आडव्या पडल्या आहेत.

आता डॉक्टरांना औषध कोण लावणार? शुद्धीवर असत्या तर स्वतःची मलमपट्टी स्वतः करायची खूण तरी करता आली असती. गवंड्याच्या इतिहासात "शुश्रूषा जमणार नाही", हे मी निवडताना पाहिलं होतं आणि डॉक्टर आहेच म्हणून सोडून दिलं होतं. उरला माळी. वैद्यकी 1. त्याने ज्या प्रकारे पट्ट्या बांधल्या, तशा आमच्या गल्लीतली पोरं पतंगाला बांधतात. चार ठिकाणी भाजलं होतं, दोन ठिकाणी जंतुसंसर्ग झाला.

तब्येतीच्या पानावर दोन आकडे शर्यत लावतात: संसर्ग किती आणि प्रतिकार किती. आधी प्रतिकार शंभरला पोचला तर माणूस जगतो. मी खेळ सर्वांत हळू वेगावर ठेवून ते आकडे बघत बसलो. संसर्ग 71, प्रतिकार 64. 83, 77. मध्यरात्री एकदा माळ्याला झोपेतून उठवून पट्टी बदलायला लावली, तोही चिडला. 96, 91. मग पाकीट आलं. त्या बाईंनी माझं घर जाळलं होतं, आणि तरी माझ्या घशात आवंढा आला. पुढचा हल्ला दोघांनी कसा परतवला नाही ते सांगत नाही. रविवारी दुपारी जेवणाआधी सगळं संपलं होतं.

खरा घाव पुढे आहे. भाचा संध्याकाळी आला, मी त्याला सगळं रंगवून सांगितलं, 12 वाल्या डॉक्टरासकट. तो सरळ नवा खेळ उघडून बसला आणि म्हणाला, "मामा, आणि खालचे पाच?"

कुठले खालचे पाच?

निवडीच्या पानावर तीन नसतात, आठ असतात. वर निवडलेले तीन, खाली मागे राहणारे पाच. खालच्याला ओढून वर घेता येतं. मी वर्षभर हा खेळ खेळतोय आणि ती खालची यादी शोभेची समजत होतो. वाटायचं, यानात मेलेली माणसं असतील. "म्हणजे तू तीन तास एकाच जागेवर क्लिक करत होतास, आणि खाली पाच जण तयार बसले होते, त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस?" तो हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. हसला असता तर चहा मिळाला नसता. पण तेव्हापासून घरच्या प्रत्येक कार्यात हा किस्सा निघतो, आणि ज्यांना रिमवर्ल्ड कशाशी खातात हे माहीत नाही ते काकासुद्धा मला विचारतात, "काय रे, खालचे पाच पाहिलेस का?"

तर माझ्यासारख्यांनी हे करावं. प्रत्येक क्लिकनंतर बोट माऊसवरून उचलायचं. नुसतं थांबवायचं नाही, उचलायचं. मी आता डावा हात उजव्या मनगटावर ठेवतो, कुणी हसलं तर हसू दे. मग वाचायचं, आणि आकडे सर्वांत शेवटी. आधी "जमणार नाही" ची ओळ, मग स्वभाव, मग तब्येत. आकडा मोठा दिसला की बाकीचं आंधळं होतं, म्हणून हा उलटा क्रम.

आकड्यापेक्षा ज्वाला मोठी. ज्वाला नसलेला माणूस साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या वेगाने शिकतो (नेमकं सांगायचं तर 35 टक्के), दोन ज्वालांचा दीडपट. शिवाय दहा किंवा त्याच्या वरचं कौशल्य न वापरता पडून राहिलं की गंजत जातं. म्हणून वैद्यकी 4 आणि दोन ज्वाला असलेली तरुण मुलगी, वैद्यकी 10 आणि ज्वाला नसलेल्या पन्नाशीच्या बाबापेक्षा केव्हाही बरी. वय विसाच्या आत असेल तर मोठेपणाचा परिच्छेदच नसतो, फक्त बालपण. त्यामुळे "जमणार नाही" ची यादी बहुधा आखूड. हे मला कुणी सांगितलं नाही, दोनशे माणसं चाळून कळलं, आणि भाच्याला माहीत नव्हतं. हे मुद्दाम नमूद करतो.

माणूस एकेकटा बघू नका, तिघांना एकत्र बघा. शुश्रूषा करू शकणारे दोन हवेतच. आचारी कच्चा असला तर अन्नातून विषबाधा होते आणि सगळी वसाहत एकदम ओकत बसते, तेव्हा दुसरा बरा रांधणाराही असावा. रात्री जागणारा, खादाड, दिसायला कुरूप, हे चालवून घ्या. फटकळ मात्र नको. दहा जणांत खपून जातो. तिघांत एक फटकळ म्हणजे रोज दोघांचा पाणउतारा आणि आठवड्याला एक हाणामारी.

क्लिकची मर्यादा ठरवा. मी तीस ठरवली आहे, वहीत रेघा मारतो. तीसनंतर जे असेल ते. पाणी प्या, वेळेवर झोपा वगैरे आहेच.

आणि एवढं सोसायचं नसेल तर मॉड घाला. प्रिपेअर केअरफुली नावाचा मॉड वर्षानुवर्षं लोक वापरत आलेत. माणूस आपल्या हाताने घडवता येतो. भाचा याला फसवणूक म्हणतो. याच मुलाने बारावीत गाईड वापरलं होतं. ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेडमध्येही सुरुवातीचे तिघे असेच फिरवून घ्यावे लागतात, पण तिथे दर तीन दिवसांनी छापखाना नवे उमेदवार दाखवतो आणि कुणीच पटलं नाही तर सगळ्यांना नाही म्हणता येतं. इथे सुरुवातीची निवड हीच निवड. नंतर वाटेवर भेटेल तो आपला.

मी मात्र अजून मॉड घातलेला नाही. हट्ट म्हणा. सध्याच्या वसाहतीत एक आचारी आहे, पाठ दुखरी, सतत कण्हत पोळ्या लाटतो. एक एकोणीस वर्षांची डॉक्टरीण आहे, तिला खालच्या पाचांतून वर ओढली, चौथ्या क्लिकला. ठीक चाललंय. पण तो 12 वाला अधूनमधून आठवतो. दोन ज्वाला, नेमबाजी 9, टफ. नावसुद्धा वाचलं नव्हतं.