बिलात रिले, गाडीत जळकी वायर

पिकअपला पाटे टाकून घेणारे, दिवे वाढवून घेणारे आपल्या भागात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. आणि माझ्या गाडीचं काम करणाऱ्या गॅरेजवाल्याचं बोलणं अजून डोक्यातून जात नाही, म्हणूनही.

कासा-सायवन रस्ता सोडून आत पाड्यांकडे वळलं की डांबर संपतं. भात झोडून झालं की पोती, मग गवताचे भारे, हे सगळं त्याच चाकोऱ्यांमधून आणि ओहोळांच्या दगडांवरून बाहेर काढायचं असतं. माझ्या गाडीचे मागचे पाटे बसले होते आणि रात्री माल भरताना उजेड लागायचा. हायवेलगतच्या एका गॅरेजला काम दिलं. त्याचं नाव लिहीत नाही, पण मी काय सांगितलं होतं ते लिहितो. कंपनीच्या मापाचे नवे पाटे, जोडीला एक हेल्पर पाटा, नवे यू-बोल्ट. उंची वाढवायची नाही. पुढे दोन, मागे दोन, ५५ वॅटचे दिवे. प्रत्येक जोडीला वेगळा रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज. त्याने माझ्यासमोर हे वहीत उतरवलं, बिलातही सगळं आहे. ‘पिकअपवाल्यांना वायरिंगमधलं काय कळतं’ असं जे नंतर बोललं गेलं, त्याला हे बिल उत्तर आहे.

सायवनच्या पलीकडे एका पाड्यावर गवत भरत होतो, चारही दिवे चालू होते. केबिनमधून जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि पाठोपाठ डॅशबोर्डखालून धूर. मागे केबिनला टेकून सुकं गवत. बरोबरच्या पोरांनी भारे ओढून खाली फेकायला सुरुवात केली. मी बॉनेट उघडून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं. हात थरथरत होते, पाना दोनदा निसटला. दिवे गेले, धूर हळूहळू थांबला.

मग मोबाइलच्या उजेडात बघितलं. दोन्ही रिले पत्र्याला स्क्रूने व्यवस्थित बसवलेले होते, नवे कोरे. एक हाताने उलटा केला. खालच्या चारही पिना चकचकीत. एकीलाही वायर नव्हती. दिव्यांची वायर पार्किंग लाइटच्या वायरला सोलून, पिळून, वर काळी टेप गुंडाळून जोडलेली. आणि जिथे फ्यूज हवा तिथे तांब्याच्या तारेचा पीळ. तो पीळ मी बराच वेळ बोटांत धरून उभा होतो. चार दिव्यांचे २२० वॅट, बारा व्होल्टने भागले की अठरा अँपिअरच्या वर जातात. ती बारीक वायर एवढा भार कुठून झेलणार? फ्यूज असता तर तो आधी उडाला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यापुढे जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, ‘शेठ, फ्यूज सारखा जात होता. तुम्हाला रात्री त्रास नको म्हणून तार टाकली.’ फ्यूज सारखा का जातो, हे बघणं त्याचं काम नव्हतं का? रिलेचं विचारलं तर म्हणाला, ‘पोराने लावले असतील, मी बघितलं नाही.’ पैसे मात्र त्याने स्वतः मोजून घेतले होते.

तेव्हाच मनात आलं की वरचं काम असं असेल तर खालचं कसं असेल? कासा नाक्यावरच्या जुन्या मेकॅनिककाकांकडे गाडी नेली. ते गाडीखाली शिरले आणि म्हणाले, ‘ये, तूच बघ.’ पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून गाडी उचललेली होती. यू-बोल्ट फक्त तेवढ्यासाठी लांब घातलेले, त्यांचे नट हाताच्या जोराने फिरत होते. पण सगळ्यात वाईट गोष्ट ब्रेकची होती. पुष्कळ पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीपर्यंत एक दांडी असते, ती ब्रेकच्या व्हॉल्व्हला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. ठोकळ्यांनी अंतर वाढलं की भरलेली गाडीही व्हॉल्व्हला रिकामी वाटते. माझ्या गाडीला चारोटीच्या बाजूला उतारावर ब्रेक उशिरा लागतोय, हे मी गॅरेजवाल्याला आधीच सांगितलं होतं. ‘नवीन पाटे आहेत, बसतील,’ एवढंच त्याचं उत्तर.

म्हणून सांगतो, पाट्यांचं काम झालं की त्या दांडीचं सेटिंग कंपनीच्या मापाने तपासून घ्या. ब्रेकचा मागचा रबरी पाइप चाक लोंबकळतं ठेवून बघा, ताणलेला नको. काढलेले यू-बोल्ट परत वापरू देऊ नका, आणि शंभर-दोनशे किलोमीटर भरून चालवल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्याने कसून घ्या. जुने पाटे भट्टीत तापवून कमान वाढवून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. पोलादाचा ताव जातो आणि पाटा मधल्या बोल्टपाशी तुटतो. चासीवर वेल्डिंग असेल तर आधी बॅटरी सोडा, बीएस-६ गाडी असेल तर ईसीयूचे कनेक्टरही.

वायरिंगमध्ये एका जोडीच्या नऊ अँपिअरला गाडीसाठीची २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. घरगुती वायर नको. तेल आणि उष्णता तिला सोसत नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवा, नाहीतर आपल्या रस्त्यांवर महिन्याभरात सालपट निघतं. आणि काम चालू असताना समोर उभे राहा. चांगला कारागीर त्यावर रागावत नाही.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे मी नको म्हणून सांगितलेले ठोकळे त्याने घातले, आणि दापचरीच्या तपासणी नाक्यावर गाडी अडवली असती तर जाब मला द्यावा लागला असता. याचा राग कुणाला येणार नाही?

मी पैसे परत मागितले, ते त्याने अजून दिलेले नाहीत. अर्धे घेऊन मिटवा, असा निरोप आला होता, मी नाही म्हटलं. रिकामे रिले, तांब्याचा पीळ, ठोकळे, सगळ्याचे फोटो तारखेसह ठेवलेत, बिल जपून ठेवलंय. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथे जमलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा लावता येतो, त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.