आट्यात अडकलेला बोल्ट

कळंबोली-पनवेलच्या पट्ट्यात ट्रकची इंजिनं खोलण्यात माझं आयुष्य गेलं. न्हावा-शेव्याच्या बंदरातले कंटेनर ओढणारे ट्रेलर, लोखंडाच्या बाजारातून माल भरून घाट चढणारे ट्रक, रत्नागिरीहून मासळी आणणाऱ्या गाड्या. खाडीची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि चढावर भट्टीसारखा तापणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, हे सगळं एकाच बोल्टच्या वाट्याला आलं की तो सहजासहजी सुटत नाही. हाताखाली शिकायला आलेल्या पोरांना जे सांगत आलो, ते इथे मांडतो.

१. अडकतात ते आटे

डोकं गोल झालं म्हणून बोल्ट अडकत नाही. तो आधीच अडकलेला होता, म्हणून डोकं गोल झालं. हे एकदा पटलं की पुढचं काम सरळ होतं. नुसती नवी पकड शोधून त्याच जोराने पुन्हा ओढलंत, तर ती पकडही घसरेल नाहीतर बोल्ट मानेत तुटेल. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगतो आणि दोन्ही बाजूंना दाबून धरतो. ही धर सोडवणं हेच खरं काम. म्हणून पाना उचलण्याआधी विचार करायचा, की याला धरलंय कशाने? गंजाने, आट्यांना लावलेल्या लॉकिंग लिक्विडने, वाकलेल्या मॅनिफोल्डच्या ताणाने, की मागच्या वेळी कुणी हवेची गन लावून वाजवीपेक्षा जास्त आवळलाय? प्रत्येकावर इलाज वेगळा आहे.

२. पाना नीट बसला पाहिजे

बारा कोनांची गोटी डोक्याच्या अगदी कोपऱ्याजवळ जोर लावते, सहा कोनांची थोडी आत, सपाट बाजूवर लावते. जाम बोल्टला पहिल्यापासून सहा कोनांचीच गोटी लावावी. आधी तारेच्या ब्रशने डोकं साफ करा. चिखल आणि कार्बनच्या थरामुळे गोटी पूर्ण खाली बसत नाही, अर्ध्या उंचीवर पकडते आणि तिथेच घसरते. ॲलन किंवा टॉर्क्स बोल्ट असेल तर खाचेतली घाण टोकदार सळईने खरवडून काढा, मगच त्याची चावी ठोकून बसवा.

मापाचंही बघा. टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले, ते मिलिमीटरच्या हिशेबातले. जुन्या लेलँड इंजिनांचा हिशेब इंग्लिश, इंचाचा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, तिथे १९ चा पाना चालून जातो. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना चढतो, ढिला राहतो आणि कोपरे खातो. खूप हातांखालून गेलेल्या इंजिनात दोन्ही जातींचे बोल्ट शेजारी शेजारी सापडतात.

३. तेल मारा आणि थांबा

पेनिट्रेटिंग ऑइल मारल्या मारल्या पाना ओढण्यात काही अर्थ नाही. संध्याकाळी मारावं, रात्री पुन्हा मारावं, सकाळी हात लावावा. ड्रायव्हरभाऊ शेजारी उभा असतो, त्याला भाडं गाठायचं असतं, मालकाचे फोन चालू असतात. गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाही, हे मला पुरतं कळतं. तरीही मी त्याला सांगतो, की आज एक रात्र दे, नाहीतर बोल्ट इंजिनच्या हेडमध्ये तुटेल आणि मग हेड उतरवावं लागेल.

४. ठोका

बोल्टच्या डोक्यावर जाड पंच ठेवून हातोडीचे सरळ, दमदार ठोके द्यायचे. त्या धक्क्याने आट्यांमधला गंज तडकतो आणि तेलाला आत वाट मिळते. त्यानंतर आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित दाबा, मग सोडवा. हलला की पुढे-मागे करत काढा. एकदम पूर्ण फिरवलंत तर सुटलेला गंज पुढच्या आट्यात दाटतो आणि बोल्ट पुन्हा धरतो.

५. गॅस मारताना धातू ओळखा

बिडाच्या हेडमधला पोलादी बोल्ट तापवून थंड होऊ दिला की तो फुगतो, आकसतो आणि गंजाची पकड तुटते. नट असेल तर बोल्टला सोडून नटालाच आच द्या, म्हणजे नट बाहेरच्या बाजूला पसरतो. कोमट असताना आट्याच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून फटीत ओढलं जातं, हा जुन्या मिस्त्र्यांचा इलाज आजही लागू पडतो. घट्ट जातीचं लॉकिंग लिक्विड लावलेलं असेल तर तेलाचा काहीच उपयोग नाही. त्याला साधारण २५० अंशांची आच लागते, मग ते मऊ पडतं.

ॲल्युमिनियमच्या भागात मात्र हात आखडता घ्या. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगसारख्या जागी पाणी, पोलाद आणि ॲल्युमिनियम एकत्र येतात आणि बोल्टभोवती पांढरी भुकटी जमते. पोलाद लाल होऊन आपल्याला सावध करतं. ॲल्युमिनियम रंग न बदलता ६६० अंशांच्या आसपास वितळून खाली बसतं. पण तापल्यावर ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणून तिथे थोडी आच पुरते, आणि ती बोल्टला न देता भोवतालच्या भागाला द्यायची.

डिझेलच्या नळ्या, वायरिंग आणि तेलकट बोळे बाजूला केल्याशिवाय आणि आग विझवायचं साधन हाताशी असल्याशिवाय ज्योत पेटवू नये. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर मुळीच नाही. काही क्लीनरमध्ये क्लोरीनचे पदार्थ असतात, ते तापले की विषारी वायू होतो. यात मी कुणाचंही ऐकत नाही.

६. कधी कधी डोकं कापावंच लागतं

हे सांगितलं की पोरं बिचकतात. बोल्ट घट्ट असतो तो दोन ठिकाणी, आट्यात आणि डोक्याखाली. मॅनिफोल्डचा बोल्ट ताणून बसलेला असतो. ग्राइंडरने डोकं उडवलं की तो ताण तिथल्या तिथे संपतो. मग मॅनिफोल्ड उतरवा. हेडमधून बाहेर आलेल्या दांड्याला पकडायला भरपूर जागा मिळते आणि भोवती तेलही नीट पोचतं. ज्या बोल्टने डोकं असताना दाद दिली नाही, त्याचा दांडा पुष्कळदा पाइप पान्याने फिरतो. डोकं वाचवायचं नाही, आपल्याला हेड वाचवायचंय. डोकं कापायचं नसेल तर निदान शेजारचे सैल केलेले बोल्ट पुन्हा थोडे आवळा, म्हणजे सगळा ताण या एकावर राहणार नाही.

७. नट वेल्ड करणं

गोल झालेल्या किंवा तुटून वर थोडा राहिलेल्या बोल्टला माझ्या मते हाच सगळ्यात भरवशाचा इलाज. बोल्टवर नट ठेवायचा आणि नटाच्या भोकातून आत वेल्डिंग भरायचं. पकडायला नवे सहा कोन मिळतात आणि उष्णता थेट बोल्टच्या पोटात जाते, एका कामात दोन इलाज. बिडाला हे वेल्डिंग सहज चिकटत नाही, म्हणून हेडला धोका कमी. लाली पूर्ण जाऊ द्या, मग हळूहळू पुढे-मागे हलवा. नट सुटून आला तर दुसरा ठेवा. धीर सोडू नका, दर वेळी बोल्ट आणखी एकदा तापून आकसलेला असतो.

गाडी बीएस-फोर किंवा १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-सिक्स असेल, तर बॅटरीच्या तारा आणि ईसीयूचे कनेक्टर काढल्याशिवाय वेल्डिंग नको. अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही.

८. इझी-आउट सगळ्यात शेवटी

तुटलेल्या बोल्टला भोक पाडून आत घुसवायचा उलट्या आट्यांचा दांडा म्हणजे इझी-आउट. तो कडक असतो, पण ठिसूळ. जो बोल्ट डोकं असताना हलला नाही, तो आतून लावलेल्या बारीक इझी-आउटने का हलावा? इझी-आउट आत तुटला तर साध्या ड्रिलने कापला जात नाही आणि काम लेथवाल्याकडे जातं. ड्रिल करायचंच तर नेमका मध्य काढून सेंटर पंच मारा. १०.९ ग्रेडच्या बोल्टला कोबाल्टचं ड्रिल, कमी वेग आणि तेल लागतं. डावीकडे फिरणारं ड्रिल मिळालं तर उत्तम, कापता कापता बोल्ट त्याच्याबरोबरच बाहेर येतो असंही पुष्कळदा होतं. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवता येते.

९. बसवताना

भोकात टॅप फिरवून आटे साफ करा, आंधळ्या भोकातलं तेल-पाणी हवेने उडवा, नाहीतर ते बोल्टच्या टोकाखाली दाबलं जाऊन बिडाला तडा पाडू शकतं. बोल्ट नवा घ्या, डोक्यावरचा ८.८ किंवा १०.९ आकडा जुन्याशी जुळवून घ्या. मॅनिफोल्डच्या आट्यांना तांब्याची अँटी-सीझ पेस्ट लावा, आणि पेस्ट लावलेल्या आट्यांना कोरड्या आट्यांचा टॉर्क देऊ नका. घर्षण कमी झाल्यामुळे त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.