खाटकाचा मुलगा ते बायर्नचा मॅनेजर: उली होनेसकडून हिशोबाचे तीन धडे



व्हिडिओत उली होनेसची गोष्ट घाईत सांगितली होती. इथे ती आकड्यांसकट लिहितोय. फुटबॉलमधलं काही कळत नसलं तरी चालेल, कारण ही गोष्ट गल्ल्याची आहे. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

हा माणूस कोण?

उली होनेसचा जन्म ५ जानेवारी १९५२ चा, जर्मनीतल्या उल्म शहरातला. वडील खाटीक, घरचं मांसाचं दुकान. १९७० मध्ये पोरगा बायर्न म्युनिक क्लबकडून खेळायला लागला. १९७४ मध्ये पश्चिम जर्मनीच्या संघातून वर्ल्ड कप जिंकला. १९७४, ७५ आणि ७६ अशी सलग तीन वर्षं क्लबबरोबर युरोपियन कप जिंकला. पण १९७५ च्या फायनलमध्ये गुडघा दुखावला आणि तो पुन्हा पूर्वीसारखा झालाच नाही. २७ व्या वर्षी खेळ संपला.

१ मे १९७९ ला बायर्नने त्यालाच मॅनेजर केलं. तेव्हा जर्मन लीगमध्ये इतक्या लहान वयाचा मॅनेजर कधी झाला नव्हता. जर्मनीत हा मॅनेजर म्हणजे कोच नव्हे. मैदानावर संघ कोच बघतो. खेळाडू घेणं-विकणं, करार, पैसा हे मॅनेजर बघतो. आज या कामाला स्पोर्ट्स डायरेक्टर म्हणतात.

धडा १: एकाच नळावर घर चालवू नका

होनेसच्या हातात क्लब आला तेव्हा वर्षाची उलाढाल होती सुमारे १ कोटी २० लाख मार्क आणि डोक्यावर कर्ज सुमारे ७० लाख मार्क. उलाढालीच्या निम्म्याहून जास्त कर्ज! शिवाय येणारा बहुतेक पैसा तिकीटविक्रीचा. म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये बऱ्याच जागांवर छप्पर नव्हतं. पाऊस आला, थंडी वाढली, संघ दोन मॅच हरला की माणसं घरी बसणार आणि गल्ला रिकामा राहणार.

समजा, तुम्ही रोज १०० डबे देता आणि त्यातले ८० एकाच कंपनीत जातात. धंदा जोरात दिसतो. पण त्या कंपनीने कँटीन सुरू केलं की दुसऱ्या दिवशी तुम्ही २० डब्यांवर येता. बायर्नचं तेच होतं.

होनेसने काय केलं? तिकिटांचा नळ बंद केला नाही, शेजारी नवे नळ लावले. जर्सीवरच्या जाहिराती, टीव्हीचे हक्क, क्लबच्या नावाचे स्कार्फ आणि जर्सी, मोठे प्रायोजक. २००५ मध्ये अलियान्झ अरेना हे नवं स्टेडियम उभं राहिलं. त्याचं कर्ज २०१४ मध्येच फिटलं, ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी वर्षं आधी. त्यासाठी अलियान्झ विमा कंपनीला क्लबच्या कंपनीतला ८.३३ टक्के हिस्सा दिला. आदिदास आणि औडी यांच्याकडेही तेवढाच हिस्सा आहे. पण ७५ टक्के सभासदांच्या संस्थेकडेच राहिले. भांडवल घेतलं, मालकी सोडली नाही. पार्टनर घेताना हा आकडा आठवा.

स्वतःच्या घरासाठीही त्याने दुसरा नळ लावला. १९८५ मध्ये भागीदारीत न्यूरेंबर्गला सॉसेजचा कारखाना काढला. धंदा कुठला? बापाचाच, पण मोठ्या प्रमाणात.

धडा २: भावनेपेक्षा ताळेबंद

१९८४ मध्ये बायर्नचा सगळ्यात मोठा खेळाडू होता कार्ल-हाइन्झ रुमेनिगे. १९८० आणि ८१ अशी दोन वर्षं तो युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. होनेसने त्याला इटलीच्या इंटर मिलानला विकलं, १ कोटी मार्कांहून जास्त किमतीला. त्या पैशातून कर्ज फेडलं.

हिरा विकला की दुकान बसणार, असं आपल्याला वाटतं. पण बायर्नने पुढची सलग तीन वर्षं, १९८५, ८६ आणि ८७, लीग जिंकली. व्याजातून मोकळा झालेला पैसा संघ उभा करायला कामी येतो. तुमच्याकडे पडून असलेलं मशीन, जास्तीचा गाळा, हप्त्यावर घेतलेली गाडी कागदावर मांडा. दर महिन्याला ती कमावते की खाते?

३० वर्षं मॅनेजर राहून होनेस २००९ मध्ये क्लबचा अध्यक्ष झाला. त्या काळात १६ लीग विजेतेपदं आली आणि उलाढाल ३० कोटी युरोच्या आसपास गेली.

धडा ३: क्लबची वही चोख, स्वतःची वही?

आता गोष्टीचा कडू भाग. व्हिडिओखाली काही जणांनी विचारलं होतं, "सर, हा जेलमध्ये गेलेला ना?" हो, गेलेला.

होनेसचं स्वित्झर्लंडमध्ये एक खातं होतं. त्यातून तो चलनाचे सट्टे खेळायचा आणि त्या नफ्यावरचा कर जर्मनीत भरला नव्हता. जानेवारी २०१३ मध्ये त्याने स्वतःहून कर खात्याला कळवलं. जर्मन कायद्यात अशी कबुली वेळेत आणि पूर्ण दिली तर शिक्षा टळू शकते. पण त्याचे कागद अपुरे होते. खटल्याच्या सुरुवातीला बुडवलेला कर ३५ लाख युरो सांगितला जात होता, शेवटी आकडा निघाला सुमारे २ कोटी ८५ लाख युरो. १३ मार्च २०१४ ला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच दिवशी त्याने अध्यक्षपद सोडलं आणि अपील करणार नाही असं सांगितलं.

विचार करा. क्लबचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे तीस वर्षं सांभाळणारा माणूस. स्वतःच्या खात्याला मात्र तीच शिस्त लावली नाही.

"पण २०१६ मध्ये सुटल्यावर तो पुन्हा अध्यक्ष झालाच की!" झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. त्याच्यामागे बायर्नची माणसं होती. आपल्या दुकानाला चार महिने कुलूप लागलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं आणि परत येत नाही.

धंद्याचं करंट अकाउंट वेगळं ठेवा. घरखर्चासाठी दर महिन्याला ठरलेली रक्कमच काढा. क्यूआर कोडवर आलेले पैसे आणि रोखीचे पैसे एकाच वहीत उतरवा. मागचं काही राहिलं असेल तर सीएकडे सगळे कागद घेऊन जा, अर्धे नकोत.

गृहपाठ

१. मागच्या तीन महिन्यांची विक्री लिहा. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक किती टक्के? निम्म्याच्या वर असेल तर या महिन्यात दुसरा नळ शोधायला लागा.
२. कमावण्यापेक्षा जास्त खाणारी एक वस्तू शोधा आणि तिचा आजचा भाव काढा.
३. धंद्याच्या खात्यातून मागच्या महिन्यात घरासाठी किती गेले, ते पैशापर्यंत लिहा.

तिसरा आकडा पटकन सांगता आला नाही, तर सुरुवात तिथूनच करा. तुमचा पहिला आकडा कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातलेच दोन-तीन धंदे घेऊन दुसरा नळ कसा लावायचा ते बघू.