मन आजारी पडते तेव्हा

कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या रात्रीच्या वर्गाला एक बाई येत असे. वय तिशीच्या आतले. दोन लेकरे. पाटी घेऊन सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. मग ती यायची थांबली. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. "शिकण्याचा कंटाळा आला असेल," असे आम्ही आपसात म्हणालो. ही आमची चूकच झाली.

शेवटी आम्ही तिच्या घरी गेलो. बाई भिंतीला टेकून बसली होती. दुपार झाली तरी वेणीफणी नव्हती. सासू म्हणाली, "काय सांगू माय, कामाची पोर होती. आता सकाळी उठतच नाही. वावरात नेली तर धुऱ्यावर बसून राहते. आळस भरला अंगात, दुसरं काय!"

आम्ही बाईला विचारले, "काय होतं तुला?"

"डोकं दुखते. कंबर दुखते. हातपाय गळून जातात. रात्री झोप नाही." मग थोडे थांबून ती हळूच म्हणाली, "कशातच जीव लागत नाही, ताई. लेकरू रडलं तरी उचलावंसं वाटत नाही."

हे शेवटचे वाक्य ती घरात कुणाजवळ बोललीच नव्हती. कारण तिला तसे कुणी विचारलेच नव्हते. कंबरेसाठी सुया टोचून झाल्या होत्या. सलाईन लावून झाले होते. नंतर शेजारीण म्हणाली, "बाहेरचं असेल," म्हणून तिला सैलानीलाही नेऊन आणले होते. सैलानीबाबांचा दर्गा आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथे दूरदूरची माणसे अशा आजाऱ्यांना घेऊन येतात. कुणाच्या श्रद्धेला आम्ही बोल लावत नाही. नवस करायचा तर करा. पण दवाखाना चुकवू नका.

हा आळस नव्हता. बाहेरचेही नव्हते. हा आजार होता. याला नैराश्य म्हणतात. डॉक्टर लोक डिप्रेशन म्हणतात.

आता कुणी म्हणेल, दुःख कुणाला नाही? पीक गेले, माणूस गेले, तर मन उदास होणारच. खरे आहे. पण त्या दुःखातही माणूस अधूनमधून हसतो, बोलतो, लेकराला जवळ घेतो. नैराश्यात तसे होत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज, मन उदास राहते. आवडीचे काही आवडत नाही. भूक आणि झोप बिघडते. "माझा कुणाला उपयोग नाही," असे वाटू लागते.

आणि बाई हे मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत सांगते. "मन उदास आहे" म्हणायला तिला लाज वाटते. "कंबर दुखते" म्हणायला वाटत नाही. गोव्यात डॉक्टरांनी बायकांची तपासणी केली. अंगावरून पांढरे जाते, अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळ बायकांच्या मनावर मोठा ताण आहे, असे त्यांना आढळले. अंगात रक्त कमी असले किंवा थायरॉइडचा आजार असला तरी असाच थकवा येतो. म्हणून आधी नीट तपासून घ्यावे.

पुरुषांनाही हा आजार होतो. पण जगभर पाहिले तर बायकांत तो जास्त दिसतो. बाळंतपणानंतर पुष्कळजणींना होतो. नवऱ्याचे दारू पिणे, मारझोड, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, अशा घरात तो लवकर शिरतो. आपल्या भागात कर्जाची भर आहेच. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली. त्यांत बुलढाणाही होता. कर्ता पुरुष गेला की कर्ज, शेत आणि लेकरे सगळे बाईच्या डोक्यावर येते. तिच्या मनाची चौकशी कोण करतो?

चौकशी केली तर फरक पडतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत असे काम झाले. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले. ती घरोघर जाऊन विचारपूस करत, गरज पडली तर डॉक्टरांकडे पोचवत. आधी नैराश्य असलेल्या १०० जणांतले ४ जणच मदत घेत होते. दीड वर्षाने २७ जण घेऊ लागले.

आमच्या बाईला आम्ही आशाताईंच्या ओळखीने बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी तिच्याशी बोलून घेतले, मग गोळ्या दिल्या. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत सासू म्हणाली, "काही फरक नाही, बंद कर." बरे झाले, आम्ही तेव्हा घरीच होतो! बरे वाटल्यावरही गोळ्या पुष्कळ महिने घ्याव्या लागतात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. अशा बाईला विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट तिचे ओझे हलके होते. ती "हो" म्हणाली तर तिला एकटी सोडू नका. फवारणीचे औषध घरात उघडे ठेवू नका, कुलपात ठेवा. त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला ताणाने ग्रासलेला मानले आहे. त्याला उपचार द्यायचे असतात, शिक्षा नाही. रात्रीबेरात्री कुणी जवळ नसेल तर १४४१६ या नंबरावर फोन करा. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते.

आमची बाई दीड महिन्याने वर्गाला आली. मागे बसली, फारसे बोलली नाही. दवाखान्याचे कार्ड पदराआडून काढून तिने आमच्यापुढे धरले आणि पुढची तारीख बोट ठेवून वाचली. त्या दिवशी वेचणीची मजुरी बुडणार होती. तरी सासू म्हणाली, "मी जाते तिच्यासंगं."