खोक्यावरचा आकडा

'इन्व्हर्टर' या शब्दाला महाराष्ट्रातील घरांत जो अर्थ चिकटला आहे तो मूळ यंत्राच्या अर्थापेक्षा बराच मोठा असून, मोटरहोमसाठी हे यंत्र निवडणाऱ्याची पहिली फसगत या शब्दापाशीच होते. तांत्रिकदृष्ट्या इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीतील एकदिश, म्हणजे डीसी, विजेचे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, विजेत रूपांतर करणारे साधन, एवढेच; परंतु भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी जी पेटी आली तिच्यात चार्जरही होता आणि दिवे जाताच आपोआप बदल करणारा स्विचही, त्यामुळे त्या संपूर्ण पेटीलाच इन्व्हर्टर म्हणण्याची सवय लागली. घरातील ही पेटी महावितरणच्या विजेवर रोज भरणाऱ्या बॅटरीशी हातभर अंतरावर बसलेली असते आणि तिच्यावर दोन पंखे, चार दिवे व एखादा टीव्ही यांपलीकडे फारसा भार पडत नाही. मोटरहोममध्ये यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही, हे साधे अंतर पनवेलमधील ज्या दुकानदाराकडून प्रस्तुत लेखकाने आपले यंत्र घेतले त्याला ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असूनही सांगावेसे वाटले नाही.

पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता पुण्याच्या रस्त्यापासून वेगळा होत असल्याने मुंबईकडून कोकणात निघालेले वाहन शेवटची मोठी खरेदी बहुधा पनवेलमध्येच उरकते, आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर अशा वाहनांविषयीचे कुतूहलही वाढले आहे. मात्र बाजारात ग्राहकापुढे अजून घरगुती इन्व्हर्टरच ठेवला जातो, आणि 'साहेब, घरात चालतो तर गाडीत काय वेगळं होणार?' हे वाक्य त्याबरोबर मोफत मिळते.

काय वेगळे होते, याचे उत्तर एका भागाकारात आहे. वीजशक्तीला व्होल्टने भागले की प्रवाह मिळतो. ७५० वॉटचा मिक्सर २३० व्होल्टवर सव्वातीन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो आणि त्याला घरातील कोणतीही वायर पुरते, परंतु तोच मिक्सर १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरमार्फत चालवायचा झाल्यास, रूपांतरात जाणारी सुमारे पंधरा टक्के वीज धरता, बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरीतून सुमारे ७३ अँपिअर वाहावे लागतात. लेखकाच्या वाहनात बॅटरी पलंगाखाली आणि इन्व्हर्टर ओट्यापाशी असल्याने जाऊन-येऊन सहा मीटर वायर लागली, आणि दुकानदाराच्या माणसाने ती सहा चौरस मिलिमीटरची टाकली, कारण दुकानात तीच होती. तांब्याच्या अशा वायरीत ७३ अँपिअरला जवळजवळ १.३ व्होल्टची घट होते. २३० व्होल्टच्या घरात ही घट कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण १२ व्होल्टमधून ती वजा झाली की उरलेल्यावर यंत्र चालत नाही.

माणगाव ओलांडल्यानंतरच्या एका मुक्कामी चटणीसाठी मिक्सर सुरू करताच इन्व्हर्टरने शिट्टी वाजवून 'बॅटरी लो'चा लाल दिवा लावला आणि तो बंद पडला, तेव्हा बॅटरी दिवसभराच्या प्रवासात पूर्ण भरलेली होती. दूरध्वनीवर दुकानदाराने प्रथम बॅटरी उतरली असेल असे सांगितले, मग मिक्सर जुना असेल असे सांगितले, आणि तिसऱ्या वेळी 'गाडीत कोण मिक्सर लावतं?' असा प्रश्न विचारला. हे यंत्र घेताना लेखकाने उपकरणांची जी यादी त्याच्या हाती दिली होती तिच्यात मिक्सर पहिल्या क्रमांकावर होता, याची आठवण करून दिल्यावर फोन ठेवला गेला. परतल्यानंतर कळंबोलीत ट्रकचे वायरिंग करणाऱ्या एका कारागिराने मिक्सर चालू करायला लावून मल्टिमीटर आधी बॅटरीच्या टोकांना आणि मग इन्व्हर्टरच्या टोकांना लावला: पहिल्या ठिकाणी ११.८ आणि दुसऱ्या ठिकाणी १०.४. साडेदहाच्या खाली गेले की ते यंत्र बॅटरी संपली असे समजून स्वतःला बंद करीत असे. बॅटरी भरलेली होती, मिक्सर ठणठणीत होता, आणि यंत्र आपले काम चोख करीत होते. दोष होता तो मधल्या वायरीत, जी कारागिराने बोटाने चाचपली आणि लगेच हात मागे घेतला. तिचे लाल आवरण लगजवळ, म्हणजे टोकाच्या धातूच्या जोडापाशी, मऊ होऊन आत दबले होते, आणि बॅटरीच्या टोकापाशी फ्यूज मुळीच नव्हता. म्हणजे पलंगाखालच्या लाकडी फळीला टेकलेली ही वायर आणखी वितळून सांगाड्याला टेकली असती तर बॅटरीला कोणीही अडवले नसते. मिक्सर बंद पडल्याचा राग त्या क्षणी दुय्यम झाला, हे नोंदवणे आवश्यक आहे. दुकानदारावरचा राग मात्र तेथून पुढे वाढला.

यावरून निवडीचा जो क्रम निघतो तो बाजारातील क्रमाच्या उलट आहे. आधी उपकरणे, मग बॅटरी, मग वायर व फ्यूज, आणि सर्वांत शेवटी इन्व्हर्टर. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअर, या एककात असतो आणि प्रत्यक्ष मिळणारे वॉट त्याहून कमी असतात. शिवाय एखाद्या क्षणापुरता पेलता येणारा भार आणि सतत पेलता येणारा भार हे वेगळे असून, विकत घ्यायचा तो दुसरा. फ्रिजच्या कॉम्प्रेसरसारखी मोटर सुरू होताना आपल्या नेहमीच्या भाराच्या काही पट प्रवाह क्षणभर मागते, म्हणून पहिला आकडाही पाहावा लागतो, पण त्यावर भुलू नये. खरे तर मोटरहोममध्ये घरगुती फ्रिज नेऊच नये: १२ व्होल्टवर थेट चालणारा फ्रिज, त्याच दाबाचे दिवे व पंप घेतले की निम्मे काम इन्व्हर्टरशिवाय होते, आणि रात्री इन्व्हर्टर बंद ठेवता येतो. हे महत्त्वाचे अशासाठी की भार नसतानाही यंत्र स्वतः वीज खाते; १५ वॉट धरले तरी चोवीस तासांत ३० अँपिअर-तास, म्हणजे १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा, काहीही न चालवता जातो.

बॅटरीवरचा आकडाही तसाच निरखून पाहावा. ट्युब्युलर बॅटरीवर 'सी-२०' लिहिलेले असते, त्याचा अर्थ १५० अँपिअर-तास ही क्षमता वीस तासांत, साडेसात अँपिअरच्या संथ गतीने, काढल्यास मिळते. ७० अँपिअरच्या गतीने काढल्यास ती दोन तासही पुरत नाही, आणि शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करीत राहिल्यास तिचे आयुष्य घटते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी याबाबतीत सरस आहे, मात्र ती गाडीच्या अल्टरनेटरला थेट जोडू नये, मधे डीसी-डीसी चार्जर हवा. इंडक्शन शेगडीचा मोह धरणाऱ्याने २००० वॉटला १२ व्होल्टवर १९० अँपिअरच्या घरात प्रवाह लागतो, एवढेच लक्षात ठेवावे; त्यासाठी २४ व्होल्टची रचना करावी किंवा शेगडी घरी ठेवावी.

तरंगाचा प्रश्न ज्यांनी भारनियमनात इन्व्हर्टरवरच्या पंख्याचा घूं-घूं आवाज ऐकला आहे त्यांना फार समजावावा लागणार नाही: स्वस्त यंत्रे गुळगुळीत साईन तरंगाऐवजी पायऱ्यापायऱ्यांचा चौकोनी तरंग देतात, त्यावर मोटर घुरघुरते आणि तापते. प्युअर साईन वेव्ह हे शब्द खोक्यावर नव्हे, तर बिलावर लिहून घ्यावेत.

ज्या बॅटरीत पाणी घालावे लागते ती चार्ज होताना हायड्रोजन व आम्लाची वाफ सोडते. म्हणून ती इन्व्हर्टरसोबत एका कप्प्यात कोंडू नये आणि तिच्या कप्प्याला बाहेर उघडणारा झरोका ठेवावा, विशेषतः कोकणाच्या दमट हवेत, जेथे एका पावसाळ्यात लगवर हिरवट-पांढरी भुकटी धरते. मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरची वीज जोडायची असल्यास चेंजओव्हर स्विच लावावा, कारण इन्व्हर्टरची वीज आणि खांबावरची वीज एकमेकांना भेटता कामा नयेत. बाकी सर्व जोडण्या जाणकाराकडून करून घ्याव्यात, वेळोवेळी तपासाव्यात, वगैरे सर्वांना ठाऊक असतेच.

लेखकाने अखेरीस इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारच्या स्वतंत्र कप्प्यात आणला, ५० चौरस मिलिमीटरची तीन मीटर वायर टाकली आणि बॅटरीच्या टोकालाच २०० अँपिअरचा फ्यूज बसवला. आता मिक्सर चालू असताना वायरीतील घट व्होल्टच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. दुकानदाराविरुद्ध ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही पडत नाही, परंतु लेखकाकडे होते ते कच्चे बिल, ज्यावर 'इन्व्हर्टर, बॅटरी, फिटिंगसह' एवढेच लिहिलेले होते. काढलेली वायर घेऊन लेखक त्या दुकानात गेला तेव्हा दुकानदाराने ती हातात तोलून पाहिली आणि तिचे भंगाराच्या भावाने पैसे देऊ केले.